प्लास्टिकचा यंत्रमानव : जोडणी आणि पारख

मी हस्तव्यवसायाचा शिक्षक. नोकरीतून मोकळा होऊन बरीच वर्षे झाली. पण शनिवारची सकाळची शाळा सुटली म्हणजे आमच्या गावच्या शाळेच्या ओसरीवर अजून जाऊन बसतो. गाव अकोल्यापासून सायकलीने तासाभराच्या वाटेवर आहे. चार-सहा मुले जमतात, कातर-कानस बाहेर निघते आणि काही ना काही घडत राहते.

गेल्या हिवाळ्यात या ओसरीवर एक पुठ्ठ्याचा खोका आला. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त जपानात होता. परत येताना तिथल्या जुन्या बाजारातून त्याने तो आणला. खोक्यावर एका यंत्रमानवाचे चित्र होते आणि आत प्लास्टिकचे सुटे भाग. नमुना १९८० सालचा. इतक्या वर्षांत तो कोणी जोडला नव्हता.

खोका पाहायला गावातले एक दुकानदार आले होते. ते म्हणाले, "गुरुजी, उघडू नका बरं. असे जुने डबे जमवणारे शौकीन लोक असतात. जसाच्या तसा असला तर पैसा येते. एकदा उघडला, जोडला, की झाली त्याची माती."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. जुन्या संचांचा बाजार असतो आणि त्या बाजारात न जोडलेल्या, भाग पूर्ण असलेल्या, खोका आणि माहितीचा कागद शाबूत असलेल्या संचाला अधिक मोल येते. एकीकडे ते मोल, आणि दुसरीकडे ओसरीवर बसलेली चार मुले. यातले काय राखावे, हा प्रश्न माझ्यापुढे पडला. आजच्या भाषणात त्या खोक्याचे आम्ही काय केले, असा संच कसा जोडतात आणि जोडून झाल्यावर त्याची पारख कशी करावी, हे आपणांस सांगणार आहे. पारखीचा भाग विशेष करून शिक्षक बंधुभगिनींसाठी आहे; कारण शाळेच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून आपल्याला नेहमी बसावे लागते, आणि परीक्षक चुकला म्हणजे काय होते ते मला ठाऊक आहे.

प्रथम यंत्रमानव या शब्दाविषयी. जगभर त्याला 'रोबो' किंवा 'रोबोट' म्हणतात. हा शब्द कोण्या शास्त्रज्ञाने दिलेला नाही, तो एका नाटकातून आला. चेक लेखक कारेल चापेक यांनी १९२० साली एक नाटक लिहिले; त्यात कारखान्यात तयार केलेली कामकरी माणसे होती. त्यांना काय नाव द्यावे, हे त्यांच्या भावाने, योसेफ चापेक यांनी सुचवले. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे सक्तीची मजुरी. आपल्या भाषेत सांगायचे तर वेठ. वेठबिगारीवरून निघालेला हा शब्द आज पोरांच्या खेळण्यावर जाऊन बसला आहे.

आमच्या खोक्यातल्या यंत्रमानवाचे नाव गंडाम. नाव ऐकताच एक पोरगा म्हणाला, "हा आपल्याले गंडवते तं नाही ना जी?" ओसरीभर हशा झाला. हा गंडाम १९७९ साली जपानच्या दूरदर्शनवर आलेल्या एका चित्रमालिकेतला. गोष्टीतले हे यंत्र अठरा मीटर उंच असते आणि ते आपल्या मनाने चालत नाही. आत एक मुलगा बसून ते चालवतो. म्हणजे जात ट्रॅक्टरचीच म्हणा ना. १९८० च्या जुलै महिन्यात बांदाई नावाच्या जपानी कंपनीने त्याचा लहान संच बाजारात आणला, किंमत ३०० येन. शाळकरी पोरांनी खाऊच्या पैशांत घ्यावा असाच तो होता. पुढे या संचांचे असे वेड लागले की त्यांचे शेकडो नमुने निघाले आणि आजही निघत आहेत.

खोक्यावर प्रमाण दिले होते, एकास एकशे चव्वेचाळीस. मी मुलांना गणित घातले. अठरा मीटर म्हणजे अठराशे सेंटिमीटर; त्यास १४४ ने भागा. उत्तर आले साडेबारा सेंटिमीटर. वीतभरही नाही! मग मुलांना चेव चढला. आपला बैल खांद्यापाशी समजा दीड मीटर उंच. या मापात तो सेंटिमीटरभर होईल, टपोऱ्या काबुली चण्याएवढा. तीन मीटरची बैलगाडी दोन सेंटिमीटरांची. "मंग गुरुजी, आपली शाळा किती होईन?" झाले, टेप घेऊन सारी मंडळी शाळा मोजायला पळाली. संच अजून उघडलाही नव्हता आणि प्रमाणाचा धडा होऊन गेला होता.

तेव्हाच माझे ठरले. खोका उघडायचा. बियाणे कितीही मोलाचे असले तरी कोठीत ठेवून त्याचे पीक येत नाही.

आता हे भाग तयार कसे होतात ते पाहू. प्लास्टिकच्या पुष्कळ जाती आहेत. त्यांपैकी अशा संचांना बहुधा पॉलिस्टायरीन वापरतात. त्याचे दाणे तापवून पातळ करतात आणि पोलादी साच्यात मोठ्या दाबाने ढकलतात. साच्यात बारीक पाट खोदलेले असतात. शेतात जसे मुख्य पाटातून वाफ्यावाफ्यात पाणी जाते, तसे ते पातळ प्लास्टिक या पाटांतून हाताच्या, पायाच्या, डोक्याच्या साच्यात शिरते. निवले की कडक होते. साचा उघडला म्हणजे पाटात राहिलेल्या प्लास्टिकची एक चौकट बाहेर येते आणि तिला सगळे भाग लटकलेले असतात. गुढीपाडव्याची साखरेची गाठी आठवा : एकाच दोऱ्याला पदके जशी लागून असतात, तशीच ही चौकट.

शेतकरी बंधूंना गंमत वाटेल अशी एक गोष्ट इथे सांगतो. एअरफिक्स ही इंग्लंडातली या धंद्यातली नामांकित कंपनी. तिच्या संचांची सुरुवात १९४९ च्या सुमारास झाली ती एका ट्रॅक्टरपासून. फर्ग्युसन ट्रॅक्टर विकणाऱ्या लोकांना गिऱ्हाइकांपुढे ठेवण्यासाठी एक लहान प्रतिकृती हवी होती, ती या कंपनीने करून दिली. पुढे तीच सुट्या भागांच्या रूपाने दुकानांत आली. म्हणजे विमाने, जहाजे आणि यंत्रमानव मागाहून आले. पहिला मान शेतीच्या अवजाराचा.

आजचे संच आणि १९८० चे संच यांत फरक आहे. आजच्या पुष्कळ संचांत भाग वेगवेगळ्या रंगांतच ओतलेले असतात आणि गोंदाशिवाय एकमेकांत दाबून बसतात. जुन्या संचात तसे नाही. पाय म्हणजे उभे चिरलेले दोन अर्धे भाग, शेंगेच्या दोन टरफलांसारखे. ते गोंदाने जोडायचे, सांधा घासून काढायचा, रंगही आपणच द्यायचा. म्हणून जुना संच अवघड. पण शिकवण्याच्या दृष्टीने तोच चांगला, कारण त्यात चुका करायला जागा आहे.

आमची जोडणी चार शनिवार चालली. तिचा क्रम सांगतो.

पहिले काम भाग मोजण्याचे. माहितीचा कागद जपानी भाषेत होता. पण आकडे आपल्याला कळणारे आणि चित्रे स्पष्ट. एकीने आकडा वाचायचा, दुसऱ्याने चौकटीवर तो भाग दाखवायचा. सगळे भाग होते. खोक्यातला गोंद मात्र केव्हाच वाळून गेला होता. हा धडा लक्षात ठेवा : जुन्या संचातला गोंद कामाचा नसतो, आणि पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रे असतील तर तीही जुनी झाली म्हणजे पाण्यात तुकडे होऊन सुटतात. एखादे आधी भिजवून पाहावे.

दुसरे काम भाग धुण्याचे. साच्यातून भाग सुटा निघावा म्हणून साच्याला कधी तेलकट द्रव्य लावलेले असते. ते राहिले तर रंग धरत नाही. कोमट पाणी आणि थोडा साबण पुरे. धुतलेले भाग सावलीत वाळवावेत. उन्हात नव्हे. आपल्या अकोल्याचा उन्हाळा आपण जाणतोच. सावलीत पारा ४५ च्या घरात गेला म्हणजे टिनपत्र्याखाली किंवा उन्हात ठेवलेल्या पेटीत त्याहून कितीतरी जास्त तापते. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास नरम होते, आणि पातळ काडीसारखे भाग त्याआधीच वाकू लागतात.

आमच्या संचातला एक लांबट भाग असाच वाकलेला निघाला. मी तो सरळ करायच्या खटपटीत होतो, इतक्यात एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, मोडसान तुम्ही. आमचे बाबा बांबू शेकून वाकवते. हे बी गरम करून पाहू ना." आम्ही वाफाळते पाणी भांड्यात घेतले, तो भाग चिमट्याने क्षणभर त्यात धरला आणि काढून पाटीवर दाबून ठेवला. निवला तसा सरळ झाला. प्लास्टिकचे काम करणारे जाणते लोक हीच युक्ती करतात. मुलीला ती घरच्या धंद्यातून ठाऊक होती, मला नव्हती.

तिसरे काम कापण्याचे. भाग चौकटीतून ओढून किंवा मुरडून काढू नये. त्याचा लचका निघतो. दोन वेळा कापावे. आधी भागापासून थोडे दूर कापून तो मोकळा करावा, मग राहिलेला कोंब हळूच छाटावा, आणि शेवटी बारीक कानस व काचपेपर फिरवावा. पाते नेहमी अंगापासून दूर चालवावे. लहान मुलांच्या हाती पाते देऊ नये; कानस द्यावी.

चौथे काम कोरड्या जुळणीचे. गोंद लावण्यापूर्वी भाग नुसते एकमेकांवर बसवून पाहायचे. आपला सुतार तिफणीचा फण ठोकण्याआधी भोकात घालून पाहतो, बाहेर काढून थोडा तासतो, पुन्हा घालतो, तेच हे. या कामाचा कंटाळा आला की पुढे सगळे बिघडते. आमच्या एका गड्याने घाईने डावा पाय उजवीकडे बसवला होता. गोंद नव्हता म्हणून निभावले.

पाचवे काम गोंदाचे, आणि इथेच खरे शास्त्र आहे. डिंक किंवा लाकडाचा पांढरा गोंद दोन वस्तूंच्या मध्ये बसून त्यांना धरून ठेवतो. पॉलिस्टायरीनला लावायचा गोंद वेगळा. त्यातले द्रावक प्लास्टिकची वरची पापुद्र्याएवढी थर विरघळवते. दोन्ही बाजू मऊ होतात, दाबल्या की एकमेकींत मिसळतात, आणि द्रावक उडून गेले म्हणजे तिथे जोड उरतच नाही, एकच प्लास्टिक होते. लोहार दोन लोखंडे तापवून एकजीव करतो, तसे. म्हणून गोंद थोडाच लावायचा. जास्त झाला तर भागच विरघळतो. जोडलेला भाग एक रात्र हलवू नये. आणि या गोंदाचा वास डोक्याला चढतो. म्हणून उघड्या ओसरीवर, मोठ्या माणसाच्या देखत हे काम करावे. बंद खोलीत करू नये.

आमच्याकडून इथे एक चूक झालीच. एका मुलाच्या बोटाला गोंद होता आणि त्याने छातीचा भाग उचलला. बोटाचा ठसा प्लास्टिकवर उमटला, रेघ न् रेघ. बिचारा रडकुंडीला आला. बाकीचे म्हणाले, "घासून टाकू जी, नाही तं रंगाखाली लपवू." थोडे घासले, पण ठसा खोल गेला होता आणि आणखी घासावे तर कोरलेली नक्षी जात होती. मी म्हटले, राहू द्या. ज्याने केले त्याची सही असावी.

शेवटचे काम रंगाचे. त्यात एकच नियम सांगतो : जाड एक हात देण्यापेक्षा पातळ दोन किंवा तीन हात द्यावे, आणि मागचा हात पुरता वाळल्याशिवाय पुढचा देऊ नये. घराला चुना देणाऱ्यास हे सांगावे लागत नाही. पण मुलांना धीर नसतो. आमच्या गंडामच्या एका खांद्यावर रंगाचा ओघळ आला तो याचमुळे.

चौथ्या शनिवारी यंत्रमानव उभा राहिला. आता पारखीकडे येऊ.

प्लास्टिकच्या प्रतिकृती करणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. १९६० नंतरच्या दशकात ती इंग्लंडात निघाली आणि पुढे अनेक देशांत पसरली. तिच्या स्पर्धांतले परीक्षक आधी मुळाच्या गोष्टी पाहतात : सांधे बुजले आहेत काय, भाग सरळ बसले आहेत काय, गोंदाचे डाग आहेत काय. हातात लहान विजेरी घेऊन तिरपा उजेड टाकतात, म्हणजे सांध्याची रेघ लपत नाही. रंगाची करामत आणि देखावा त्यानंतर. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आपण शाळेत नेमके उलटे करतो. आधी चकाकी पाहतो आणि पुष्कळदा तिथेच थांबतो.

मीही थांबलो होतो. नोकरीत असताना एका विज्ञान प्रदर्शनात मला परीक्षक नेमले होते. शंभरावर वस्तू, वेळ दोन तासांचा. एका टेबलावर थर्मोकोलचे धरण होते. निळे पाणी, दिवे, सगळे झगमगीत. त्याच्या शेजारी एका खेड्यातल्या मुलाने पऱ्हाटीच्या काड्या आणि सुतळी यांचा कापसाचा रेचा केला होता. दोन रूळ, एक दांडा. दांडा फिरवला की कापूस आत ओढला जाई आणि सरकी अलीकडे पडे. मी समोर उभा राहिलो आणि नेमका तेव्हाच तो अडकला. मुलगा खाली वाकून सुतळी सोडवू लागला. मी अर्धा मिनिट थांबलो आणि पुढे गेलो. बक्षीस धरणाला दिले. मागाहून कळले की ते धरण शहरातून तयार आणलेले होते. पुढच्या वर्षी त्या शाळेची मंडळी आली, त्यांत तो मुलगा नव्हता. "तो आता नाही करत काही," एवढेच त्याच्या गुरुजींनी सांगितले. अडकलेला दांडा का अडकला, हे त्याला विचारले असते तर त्याने मला रूळांमधल्या फटीविषयी सांगितले असते, आणि ते ऐकून मीच काही शिकलो असतो. अर्ध्या मिनिटाची ही चूक मला आज इतक्या वर्षांनीही विसरता येत नाही.

म्हणून ओसरीवर आम्ही पारखीचा एक तक्ता केला. शंभर गुणांचा. आपल्या शाळेत उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

वीस गुण सरळपणाला. वस्तू सपाट काचेवर ठेवावी. डुगडुगते काय? समोरून व बाजूने पाहावी. आम्ही गवंड्याचा ओळंबा आणला होता. दोऱ्याशी ताडून पाहिले म्हणजे कलणे चटकन कळते.

वीस गुण सांध्यांना. डोळे मिटून बोट फिरवावे. डोळ्यांना न दिसणारी कड बोटाला लागते.

दहा गुण रंगाला, आणि दहा हालचालीला. हालचाल पाहताना एक विवेक ठेवावा : संचाचा दोष वेगळा आणि हाताचा दोष वेगळा. १९८० च्या या नमुन्याचा गुडघा मुळातच थोडा वाकतो. त्याची घडणच तशी आहे. त्यासाठी जोडणाऱ्याचे गुण कापणे म्हणजे कोरडवाहू शेतात ऊस झाला नाही म्हणून शेतकऱ्यास बोल लावणे होय. पण सांध्यात गोंद उतरून गुडघा अजिबात हलत नसेल, तर तो हाताचा दोष.

राहिलेले चाळीस गुण विचारपूस करण्याला. करणाऱ्या मुलाजवळ बसावे आणि विचारावे : हे असे का केले? कुठे अडले? पुन्हा करायचे झाले तर काय बदलशील? ज्याने स्वतः केले तो या प्रश्नांना लगेच उत्तरे देतो, आणि आपल्या चुका तर फारच उत्साहाने दाखवतो. ज्याच्या वडिलांनी करून दिले किंवा बाजारातून आणून दिले, तो वडिलांच्या तोंडाकडे पाहतो. दोन मिनिटांत सारे उघड होते. त्यासाठी मुलाला रागावण्याचे कारण नाही. पुढच्या खेपेस तू कर, एवढे सांगावे.

कोणी म्हणतील, चाळीस गुण बोलण्याला? मग बोलका मुलगा बाजी मारेल. तसे होत नाही. आपण भाषण ऐकत नाही, कामाविषयी विचारतो. अबोल मूलही बोटाने दाखवून सांगू शकते.

ही पद्धत काही माझ्या पदरची नाही. प्लास्टिकच्या विटा आणि छोट्या मोटरी जोडून चालता-फिरता यंत्रमानव करण्याची 'फर्स्ट लेगो लीग' नावाची मुलांची स्पर्धा १९९८ साली सुरू झाली आणि पुढे जगभर पसरली. तीत यंत्रमानवाला मैदानावर अडीच मिनिटांत कामे करून दाखवावी लागतात. पण तेवढ्यावर भागत नाही. परीक्षक मुलांना समोर बसवून यंत्राची रचना तशी का केली हे विचारतात, आणि ही मंडळी एकमेकांशी मिळून कशी वागली तेही पाहतात. या स्पर्धेत आपल्या अकोल्याच्या मनुताई कन्या शाळेच्या मुली उतरल्या. २०२२ साली त्यांच्याविषयी वर्तमानपत्रांत छापूनही आले. यंत्रमानव काय मुंबई-पुण्याचीच मुले करतात, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता संच कुठून आणायचा, असे आपण विचाराल. जपानचा खोका प्रत्येक शाळेत येणार नाही, आणि येण्याची गरजही नाही. अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे एवढ्यावर त्रिकोण, चौकोन, घरे आणि मनोरे करून दाखवले. त्रिकोण दाबला तर हलत नाही आणि चौकोन कलंडतो, हे ज्याने बोटांनी अनुभवले त्याला घराची कैची तिरप्या दांड्यांची का असते ते सांगावे लागत नाही. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल मिरवतात आणि सजावटीला बक्षिसे मिळतात. झूल आणि बाशिंग जरूर पाहावे. पण हा बैल कोणी केला, चाक का डगमगते, असे एक वाक्य परीक्षकाने विचारले तर त्या बक्षिसाला आणखी अर्थ येईल. आपल्याकडे पोळ्याला पोरे चिकणमातीचे बैल करतात. त्यांचे पाय बारीक केले तर वाळताना तडकतात, जाड केले तर बैल बैलासारखा दिसत नाही. या दोहोंच्या मधले माप शोधणे हेच शिक्षण. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायातून शिक्षण द्यावे असे मांडले. ते गाव आपल्यापासून लांब नाही. विचारही लांब जाऊ देऊ नये.

शेवटी आमच्या गंडामचा निकाल सांगतो. पहिले साठ गुण मुलांनीच द्यायचे ठरले. मला वाटले, आपल्या वस्तूला ढीगभर देतील. पण ओळंबा लावला, बोट फिरवले, वाद झाला आणि त्यांनी सरळपणाला वीसपैकी चौदा दिले. उजवे पाऊल थोडे तिरपे होते. सांध्यांना वीसपैकी नऊच, कारण पाठीवरची रेघ राहिली होती. रंगाला सहा, ओघळामुळे. हालचालीला पाच, कारण डाव्या खांद्यात गोंद उतरला होता. साठांपैकी चौतीस. इतके कडक परीक्षक मी उभ्या नोकरीत पाहिले नाहीत.

चाळीस गुण माझ्या हातचे. मी एकेकाला बोलावून विचारले. पाण्याची युक्ती सुचवणारी मुलगी म्हणाली, पुढच्या वेळी कोरडी जुळणी दोनदा करू. ज्याच्या बोटाचा ठसा छातीवर होता, तो म्हणाला, "गोंद लावल्यावर हात पुसाले फडकं जवळ ठेवीन. आन् गुरुजी, गोंदानं प्लास्टिक इरघळते म्हून ठसा उमटला. फेव्हिकोल असता तं नसता उमटला." हे वाक्य मी त्याला शिकवले नव्हते. मी चौतीस गुण दिले. एकूण अडुसष्ट.

तेवढ्यात ते दुकानदार आले. यंत्रमानव हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिला. "आता याचं काही येत नाही गुरुजी," ते म्हणाले. बाजारभावाने ते बरोबरच होते. मग छातीवरचा ठसा पाहून त्यांनी विचारले, "हे काय झालं?" त्यावर चारही पोरे एकदम बोलू लागली, आणि गोंदाने प्लास्टिक कसे विरघळते हे त्यांना सविस्तर ऐकून घ्यावे लागले. जायला त्यांना अंधार झाला.

यंत्रमानव आता शाळेच्या कपाटात फळ्याच्या खडूंशेजारी उभा आहे, थोडा उजवीकडे कललेला. येत्या प्रदर्शनात आपण परीक्षक म्हणून जाल, तेव्हा एखाद्या टेबलावर काही अडकले, कलले, थांबले असेल. तिथे अर्धा मिनिट अधिक थांबा आणि विचारा, "बाळ, हे का अडलं?"